कुंकवाखालचं नाव

मांडवी, रत्नागिरी
३ डिसेंबर २००१

प्रिय देवदत्त,

आपला फोन ओटीवर, अण्णांच्या आरामखुर्चीला लागून, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाकडं दिसेल. अण्णांची चाहूल घेत घाईत लिहितेय, तेव्हा हसू नकोस.

माजघरातल्या पणजोबांच्या समुद्राच्या चित्रावरून घर ढवळून निघालंय. मुंबईच्या संग्रहालयातल्या मनस्विनीबाई येऊन गेल्या. पणजोबांनी काढलेले देव आणि माणसं पाहून म्हणाल्या, ही सगळी लाकडासारखी ताठ. हे पाणी काढणारा हात वेगळा. पुढच्या शुक्रवारी त्या कोपऱ्यातलं कुंकू काढून खाली सही आहे का बघणार. आठवतं ना? नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन आलो की चित्रातल्या समुद्रालाही हळदकुंकू, तेही उजव्या कोपऱ्यातच. पिढ्यान्‌पिढ्यांचा थर आहे तो. कोपऱ्यातच का, हे आपण कधी विचारलं नाही.

अण्णांचं तुला ठाऊकच. 'आत्माराम चित्रकाराचा नातू' हीच त्यांची ओळख, अगदी पालीच्या बाजारातसुद्धा. तुलाही पणजोबांचं रक्त म्हणूनच चित्रकलेला घातलं. त्यात मे महिन्यातला तो हृदयविकाराचा झटका. परक्यांसमोर भलतंच नाव निघालं तर? शेवटी काल दुपारी ते निजलेले पाहून मीच ओल्या कापसाने कोपरा पुसला. बारीक अक्षरात नाव निघालं, मथुरा. पणजोबांची बहीण, लग्नाच्या वर्षीच विधवा झालेली, माडीवरच्या मागच्या खोलीत जन्म काढलेली. त्या खिडकीतून हाच समुद्र दिसतो. कुंकू जिला वर्ज्य, तिचं नाव आपण कुंकवानेच बुजवत आलो. मला रडू आलं आणि धडकीही भरली. घाईघाईने कुंकू कालवून पुन्हा थापायला घेतलं.

मागे वळले तर दारात अण्णा. वाटलं, आता हे कोसळणार. पण हळूच म्हणाले, "राहू दे गो, नीरू. ठाऊक आहे मला. कुंकवाचं पहिलं बोट आजोबांनीच लावलंन."

बाईंना बोलावणारेही तेच, मला आत्ता कळलं. शुक्रवारी सगळ्यांदेखत नाव स्वतः सांगायचं म्हणतात. मग भिंत धरून खाली बसले आणि एकच विचारत राहिले, ठाऊक असून त्याला आजोबांचं रक्त म्हणत आलो, देवदत्त माझं तोंड बघेल ना गो? हे तूच सांगायचंस. तेवढ्यासाठी हे पत्र. ये, आणि शुक्रवारी त्यांच्या शेजारी उभा राहा. मला एकटीला हे पेलणार नाही.

तुझीच घाबरट ताई,
नीरजा