पाठ मागे, पोट पुढे

४ डिसेंबर १९९६, सांगवी
चप्पल पायात जाईना! सातव्या महिन्यात सांधे बांधून ठेवणारे पट्टेच सैल होतात — कमरेचे, पावलांचेही. बी.एस्सी.ला हे घोकून मार्क मिळवले होते. आता जोतीरामच्या चपला घालून शाळेत शिकवायला जाते. (इथं नवऱ्याचं नाव घ्यायला काय हरकत!)

९ डिसेंबर
नववीतल्या छकुलीनं विचारलं, "बाई, तुमी अशा मागं रेलून का चालता?" वर्ग खिदळला. मी सरळ फळ्यावर चित्र काढलं. माणूस दोन पायांवर उभा राहिला, बाईच्या पोटातलं ओझं पुढं आलं. तोल जाऊ नये म्हणून कमरेतला बाक — लाखो वर्षांत जमलेला! रक्तसुद्धा जवळजवळ दीडपट होतं. पोरी भराभरा लिहून घेत होत्या.
दाराशी हेडमास्तर, महिपती सर. "बाई, हे अभ्यासक्रमात हाय का?"
"नाही सर. पण निम्म्या वर्गाच्या आयुष्यात आहे."
सर पुढच्या वर्गाकडे वळले! मी पुन्हा खडू उचलला.

२ जानेवारी १९९७
रजा सुरू. पण माहेरी जाणं रद्द! सासूबाई अडूनच बसल्या — "पयलं बाळंतपण हितंच." तिकडं आई रुसली.
दुपारी सासूबाईंना बाळंतपणावरचं पुस्तक वाचून दाखवलं. त्यांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं, म्हटलं रमतील. मेंढी एकटीच विते. माणसात बाळाची बाहेर यायची वाट मात्र उभं राहिल्यानं अरुंद झाली, आणि बाळाचं डोकं मोठं. म्हणून बाळ वळत वळत येतं, तोंड आईच्या पाठीकडे. तिला ते स्वतः नीट धरता येत नाही. दुसऱ्या बाईचे हात लागतात.
"येवढं कळाया पुस्तक लागलं व्हय?" म्हणाल्या नि उठून गेल्या. रागावल्या की काय?

१९ जानेवारी
सासूबाई न्हाणीपर्यंत मागोमाग येतात! "आत्याबाई, पळून जाते का मी कुठं?" म्हटलं. हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, बारामती, दवाखाना
मुलगी! पावणेतीन किलो. सासूबाईंनी नर्सच्या हातातून घेतली ती कुणाला देईचनात.
त्या चहाला गेल्यावर जोतीराम हळूच म्हणाले, "माज्या आदी एक भईन झाल्ती. माळावर, मेंढरांमागं. आय एकलीच हुती. मानसं पोचली तवर पोर गेल्ती."