दाजींना विरुद्ध संघात जाऊ न देण्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय : संघातील आघाडीच्या खेळाडूची बदली, जी अर्जदारानेच मागितली होती, ती रद्द होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराने रागाच्या भरात दिलेला अर्ज.
२) आपण तो कधी नव्हे इतक्या तत्परतेने मंजूर केल्याचा आदेश.

महोदया,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार मीटरवाचक असून कार्यालयाच्या फुटबॉल संघाचा कर्णधार व गोलरक्षक आहे. संघाचे बहुतेक सगळे गोल ज्यांच्या पायातून निघतात ते पंपचालक अर्जदाराच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी होत. संघ त्यांना ‘सरकार’ म्हणतो, अर्थात पाठीमागे.

१. सरकार सरावाला येत नाहीत. सामन्याला येतात, तेही सगळे जमल्याची खात्री झाल्यावर. उपांत्य सामन्यात भांडारपालांचा पास डाव्या पायाकडे आला म्हणून ते भर मैदानात मांडी घालून बसले. “पास असा देतात? मी काय चेंडू वेचायला आलोय?” असे त्यांनी वयाने मोठ्या भांडारपालांना सर्वांदेखत विचारले. भांडारपालांचा चेहरा पडला. मग सरकार उठले, गोल केला आणि पुन्हा बसले.

२. अर्जदाराने त्यांना चार शब्द सुनावण्याचे ठरवले होते. परंतु आईने “घरचा जावई आहे, तोंड सांभाळ,” अशी तंबी दिल्याने ते शब्द पोटातच राहिले व संदर्भ क्रमांक एकच्या अर्जात बाहेर पडले. ‘यांची कोठेही बदली करावी’ हे वाक्य त्यातलेच.

३. शुद्धीकरण केंद्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात अर्जदाराने दाजींना बाहेर बसवले. त्याच सकाळी बहीण याचा जाब विचारायला बॅग घेऊन माहेरी आली. संघ मात्र जिवाच्या आकांताने धावला व सामना बरोबरीत ठेवला. शेवटी सगळे दमले, तेव्हा भांडारपालच म्हणाले, “घ्या त्यांना आत. अपमान मी पचवला, हार पचायची नाही.”

४. दाजी आत आले आणि, कोणीही सांगितलेले नसताना, आयुष्यात प्रथमच बचावासाठी मागे धावले. उंच आलेला चेंडू त्यांनी डोक्याने असा काही टोलवला की तो थेट अर्जदाराच्या, म्हणजे आपल्याच, जाळ्यात गेला. सामना गेला. दाजी भांडारपालांपाशी गेले व खाली मान घालून म्हणाले, “चुकलं माझं.” भांडारपाल म्हणाले, “चालायचंच. डोकं तरी वापरलंत.” त्यावर आधी सरकार हसले, मग सगळा संघ. हरलेला संघ इतका हसताना पंचांनीही पाहिला नव्हता.

५. दाजी सुधारले असा अर्जदाराचा दावा नाही. आज सकाळीच ते कॅन्टीनमध्ये ‘तो चेंडू गोलरक्षकाने अडवायला हवा होता’ असे सांगत होते. तरीही संघाने त्यांना ठेवावयाचे ठरवले, आणि तेवढ्यात आपला आदेश आला : बदली, शुद्धीकरण केंद्रात! तेथील कर्णधार तेव्हापासून फोनवर फोन करून त्यांची तब्येत विचारत आहे. बहीण म्हणते, “तुला खेळाडू नको असेल, नवरा माझा आहे. रोज दोन बस बदलून जायचं का त्यांनी?”

तरी सदर बदली कृपया रद्द व्हावी. ते शक्य नसल्यास अर्जदारासही त्याच केंद्रात पाठवावे. दाजींचे बोलणे अर्जदार जन्मभर सोसेल. त्यांचा फटका समोरून येताना पाहण्याची त्याच्यात हिंमत नाही.

आपला नम्र व घरात सध्या एकटा पडलेला,
(सही)
मीटरवाचक तथा कर्णधार
दिनांक : अंतिम सामन्याचा दुसरा दिवस

सोबत : बहिणीची संमती (तोंडी. आवाज आपल्या दालनापर्यंत आला असल्यास वेगळी प्रत जोडलेली नाही).