मोठ्या ताऱ्याशेजारची धूळ

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे अजून कुरकुरत असतीलच. माझी तब्येत ठणठणीत, डोकं तेवढं फिरलेलं आहे.

तू विचारलं होतंस, हा दिवसभर दुर्बिणीतून बघतो तरी काय. (दिवसा संगणकच बघतो, मावशी.) तर नव्या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची तबकडी फिरत असते, तिच्यातून पुढे ग्रह घडतात. एकाच दाट पुंजक्यात जन्मलेल्या ऐंशी ताऱ्यांच्या तबकड्या मी तीन वर्षं मोजत बसलो. निघालं असं, की तिथल्या सर्वांत तापट, अवजड ताऱ्याजवळ जे जन्मले त्यांच्या तबकड्या चिमुकल्या. त्याचे अतिनील किरण त्यांच्या कडेचा ऐवज उडवून लावतात. लांब जन्मलेल्यांच्या चांगल्या ऐसपैस. म्हणजे कुणाला किती ग्रह होणार, हे शेजारावरही ठरतं.

आता आमचे विभागप्रमुख. (आम्ही त्यांना सर्वज्ञ म्हणतो, त्यांना तो गौरव वाटतो.) वीस वर्षं त्यांचा एकच हेका: तबकडीचं काय ते तिचा तारा बघून घेतो, शेजाराचा काडीचा संबंध नाही. मंगळवारच्या बैठकीत मी आलेख दाखवला, तर हसून म्हणाले की उपकरण बिघडलं असेल, नाहीतर मोजणारा. त्यांच्या हसण्याला साथ द्यायला पाच जण पगारी आहेतच. मग पाहुण्या म्हणून आलेल्या एक वयस्क बाई, याच विषयात हयात घालवलेल्या, शांतपणे म्हणाल्या की आणखी दोन पुंजक्यांत त्यांनाही हेच दिसलंय. सर्वज्ञांनी चष्मा काढून पुसला. पुसून होईतो मत बदललेलं होतं.

"मी वीस वर्षं हेच सांगतोय," ते म्हणाले.

पाचही माना डोलल्या. सरडासुद्धा रंग बदलताना थोडा संकोच करत असेल गं. तेव्हा मी उठलो आणि त्यांच्याच पाठ्यपुस्तकातला नेमकं उलट सांगणारा परिच्छेद खड्या आवाजात वाचून दाखवला.

आईला यातलं काही बोलू नकोस, ती काळजी करत बसेल.

तुझा भाचा

ता. क. : परिच्छेदाचं लिहिलंय ते खोटं. तो मी घरी येऊन आरशाला वाचून दाखवला. बैठकीत मी 'हो सर' म्हणालो. म्हणजे माना सहा होत्या.

आणखी एक ता. क. : शोधनिबंध पुढच्या सोमवारी पाठवायचाय. पहिलं नाव सर्वज्ञांचं घाला असा निरोप आला आणि मी ते घातलं. तू मुख्याध्यापिका होतीस. तुझा शब्द मोडायची आपल्या घरात कुणाची प्राज्ञा नाही. एकाच ओळीचं पत्र टाक: 'ते नाव काढ.' काढायला हवं हे मला कळतं गं, पण हात होत नाही. जरा रागावूनच लिही.