तलावाच्या पाळीवरचा मच्छीबाजार

४ जाने.
गावाच्या पर्यटनासाठी लिहिलेली माझी ओळ ऑफिसात पास झाली. ‘जंगलाचं दार.’ आता कमानीवर, बसथांब्यांवर, सगळीकडे हीच. नागझिऱ्याच्या अभयारण्यात जाणाऱ्या गाड्या आपल्या गावात चहालाही थांबत नाहीत, त्या थांबतील. तलावाला फेरी मारायला फरसबंद वाट, बाकं, दिवे. साहेब खूश. मीही.
जेवताना बाबा : “अन् गाड्या कुठं उभ्या राहतीन?”
“पाळीवर. मच्छीबाजाराच्या जागेवर.”


९ जाने.
बाजारात गेले. सुनीता तिथं सासूसोबत बसते. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर. नकाशा मोबाइलवर दाखवला. तिनं हात पुसले, बोटांनी मोठा करून पाहिला.
“याच्यात आमी कुठं आहो?”
नवीन शेड दाखवलं, हायवेच्या पलीकडे.
“तिकडं कोन येते व? म्हाताऱ्या बाया हायवे वलांडतीन?”
 तिनं नेहमीसारखे झिंगे पुडीत बांधून दिले. घरी आले, पण जेवण...

१२ जाने.
नवी कल्पना. बाजारालाच आकर्षण करायचं! रंगीत छत्र्या, तळलेली मासळी, टेबलं. धावतच सांगायला गेले.
सुनीता हसली. “मले हाटेल नाही टाकाचं प्रज्ञा. मच्छी इकाची आहे. गावातल्या लोकाईले रोज लागते.”
सासू : “पोरगी चांगल्या मनानं सांगून राहिली, तिच्यावर हासू नोको.”
त्या सांभाळून घेत होत्या, तेच जास्त लागलं.

१८ जाने.
दोन दिवस फक्त नकाशा. पार्किंग शाळेमागच्या मैदानात, तिथून तलावापर्यंत पायी. बाजार जागेवरच, ओटे, नळ, सांडपाण्याची नाली. वाट बाजाराच्या मागून.
साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही गावात चार पैसे यावेत असंच वाटतं. म्हणाले, “पर्यटक एवढं चालणार नाही. आणि वास?” मग म्हणाले, रविवारी करून बघ.

रविवार
हायवेवर पाटी धरून गाड्या थांबवल्या, मैदानात लावून घेतल्या.  काही जण कुरकुरत निघून गेले. एका बाईंनी नाकाला रुमाल लावला, सुनीतानं पाहिलं, मान वळवली. पण बरेच चालत आले. पाण्यावरची बदकं पाहत बसले, चहा घेतला. बाजाराचे फोटो काढले, घेतलं कुणी काही नाही. जमलं म्हणू की नाही?

२९ जाने.
बैठक. दोन्ही नकाशे टेबलावर. बाहेर बाजारातल्या बाया येऊन बसलेल्या. मीच दार उघडून आत बोलावलं. साहेबांच्या कपाळाला आठी, पण खुर्च्या मागवल्या.
सुनीता कानाशी : “तू बोल. अडली तं मी बोलीन.”
अडले. नालीच्या खर्चावर. ती उठली, पदर नीट केला : “साहेब, लोकं पाहाले या म्हनता, त गावातले लोकं काहून हटवता?”
 शेवटी साहेब : “दोन्ही नकाशे राहू द्या इथं. विचार करतो.”
बाहेर आल्यावर सासूनं विचारलं, “मंग उद्या कुठं बसाचं आमी?”
“जागेवरच,” मी म्हटलं. कोणाला न विचारता.