तुझा ओटा बसला

माय, तुझा ओटा बसला. किती वर्षं उशिरानं, ते आता मोजत बसत नाही. बाहेर नळापाशी ज्या काळ्या कडप्प्यावर तू आयुष्यभर कपडे घासलेस, तोच आता स्वयंपाकघरात खिडकीखाली आडवा पडलाय, घासून पुसून लख्ख, आणि त्याच्यावर गॅसची शेगडी आहे. आज सकाळी अण्णांनी तिथं भाकऱ्या केल्या. पहिली करपली, ती त्यांनी निमूटपणे माझ्या ताटात वाढली आणि दुसरी, जरा बरी आलेली, स्वतःला घेतली. तुझ्या माघारी तुझा नवरा भाकरी थापायला शिकला, हे तुला कोणी कळवलं असेल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

बजाजनगरचं आपलं घर तू सोडून गेलीस तसंच होतं, फक्त थकलं होतं. तीच एक खोली, तिच्यामागं स्वयंपाकापुरता तुकडा, मोरी, आणि डोक्यावर पत्रे. भिंतीला हात लावला की रंगाचा पोपडा हातात यायचा. अण्णा एकटेच राहायचे आणि त्यांचं काही अडत नव्हतं, पण मग गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायला साफ मनाई केली. आता तूच सांग, आपल्या घरात खाली बसल्याशिवाय होणारं काम कोणतं? शेगडी जमिनीवर, परात जमिनीवर, पिठाचा डबा जमिनीवर. अण्णा बिस्किटं आणि केळी खाऊन दिवस ढकलायला लागले. दादाचा पुण्याहून फोन यायचा, "विकून टाकू ते घर, मी अण्णांना घेऊन जातो. जिथं माणसाला साधा चहा करून घेता येत नाही, तिथं एकटं कसं ठेवायचं?" त्याचं चुकत नव्हतं. पण अण्णा मला हळूच म्हणायचे, "लिफ्टात चार माणसं उभी राहत्यात अन् एक बोलत नाय. मी तिथं काय करू गं?" ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी दादाला सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत थांब. मी घर दुरुस्त करते. अण्णांना उभ्यानं स्वयंपाक करता आला तर ते इथंच राहतील, नाही आला तर खुशाल घेऊन जा." बोलून गेले आणि मग बसले कपाळाला हात लावून. कारण पैसे बेताचे होते, आणि सगळा डाव एका ओट्यावर लागला होता.

पण काय मजा आली म्हणून सांगू. एवढ्याशा घराचं काम काढलं की माणसाला राजवाडा बांधल्यासारखं वाटतं. छावणीच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात एक सागवानी खिडकी सापडली. कुठल्यातरी पाडलेल्या बंगल्यातली असावी. विकणाऱ्याशी मी एवढी घासाघीस केली की शेवटी तो म्हणाला, "ताई, ले जाओ, पर फिर मत आना." ती आणली तर भिंतीतल्या जागेपेक्षा मोठी निघाली, मग भिंत फोडून ती जागा खिडकीच्या मापाची केली. स्वयंपाकघरात आता इतका उजेड येतो की डाळीतले खडे चष्म्याशिवाय दिसतात. फरशा दुकानदाराकडच्या उरल्यासुरल्या घेतल्या, कुठं पांढऱ्या, कुठं तपकिरी, चार फुलाफुलांच्या. मिस्त्रीनं त्या बसवल्यावर अण्णा दारात उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "गोधडीच हातरली की खाली." तुझ्या गोधड्यांची आठवण काढायला त्यांना तेवढं निमित्त पुरतं. नवे पत्रे चढले, त्यांच्यावर पांढरा रंग दिला, आणि दुपारी घरात बसवतं हे माझ्या जन्मात पहिल्यांदा झालं. नळाच्या दिवशी अण्णा पिंपं भरून ठेवायचे आणि संध्याकाळी ओल्या भिंतींवर मगानं पाणी मारत फिरायचे, झाडांना घालावं तसं. कितीतरी दिवसांनी ते गुणगुणताना ऐकले मी.

दुकानात ग्रॅनाइट बघितलं आणि किंमत ऐकून मी तशीच मागं फिरले. घरी येऊन बघते तर अण्णा बाहेर नळापाशी उकिडवं बसता येत नाही म्हणून वाकून, तारेच्या घासणीनं तुझा कडप्पा घासतायत. "हा हाय की," म्हणाले, "वटा म्हणूनच आणला व्हता."

तो आणला त्या दिवसाची संध्याकाळ मला अजून दिसते. तू वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांचे डबे करतेयस, पाय पसरून, परात मांड्यांमध्ये धरून, एकीकडं भरभरणारा स्टोव्ह. मी दारात पाढे म्हणतेय. बाहेर टेम्पो थांबतो आणि अण्णा आणि त्यांच्या कंपनीतला एक सोबती हा दगड धरून उतरवतात. छावणीत कोणाचंतरी जुनं घर पाडत होते, तिथून अण्णांनी तो मागून आणलेला. तू पिठाच्या हातांनी बाहेर येतेस, पदराच्या टोकानं त्याच्यावरची धूळ पुसतेस. "वटा व्हय?" तू विचारतेस. "वटा," अण्णा म्हणतात, "बोनसला बसवू. मग उभी राहून कर." तू हसतेस, पिठाच्याच हातानं तोंड झाकून, आणि गालाला पीठ लागतं. अण्णांनी तुला दिलेली एवढी मोठी भेट मी दुसरी पाहिली नाही. साडीच्या वेळीही तू अशी हसली नव्हतीस.

मग एका बोनसमध्ये दादाची शाळा आली, पुढच्यात माझा डिप्लोमा, नंतर पत्रे गळायला लागले. कडप्पा नळापाशी आडवा झाला तो झालाच. पण तू त्याला कपड्यांचा दगड कधी म्हणू दिलं नाहीस. मी एकदा उंचावरून गल्ली दिसावी म्हणून त्याच्यावर चढले तर तू आतून ओरडलीस, "व्हय गं, वट्यावर चपला? उतर आधी. उद्या भाकरी थापायची मला त्याच्यावर." कडप्प्यावर साबणाचा फेस होता, बाजूला अण्णांची कंपनीची खाकी पँट पिळून ठेवलेली. मला हसू फुटलं आणि तुझा धपाटा बसला, तो चांगलाच बसला. तेव्हापासून मी कुठल्याच ओट्याजवळ चप्पल घालून जात नाही, लोकांच्या घरीसुद्धा.

आता कामाची गोष्ट. मी चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर मापं घ्यायची आणि केसभर चुकलेला माल बाजूला काढायचा. माझ्या हाताखालून वाकडं काही सुटत नाही, असं माझ्याबद्दल बोलतात आणि ते खरं आहे. घराच्या कामातही मी टेप घेऊनच फिरत होते. फक्त ज्या दिवशी ओट्याचे विटांचे पाय बांधायचे होते, नेमकी त्याच दिवशी सुट्टी मिळाली नाही. मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं, माप अण्णांना विचारून घ्या, उभे तेच राहणार आहेत. संध्याकाळी आले तर ओटा तयार. आणि हा एवढा बुटका. अण्णांसारखा उंचापुरा माणूस त्याच्यापुढं उभा राहिला की नमस्काराला वाकल्यासारखा दिसायचा. मी टेप लावला, आणि मग जे बोलले ते इथं लिहीत नाही. मिस्त्री हात झटकून म्हणाला, "मेरेकू कायकू बोलते ताई? अण्णा हात बताये, मैं उत्ताच बनाया."

मी अण्णांकडं वळले. ते खिडकीबाहेर बघत होते. "त्यानं इचारलं कुठवर घेऊ," ते म्हणाले, "हात आपसूक तिथंच गेला. वटा तिचा व्हता ना. मापबी तिचंच आलं." माझा राग जागच्या जागी बसला, पण दिवाळी तोंडावर होती आणि पैसे संपत आले होते. ओट्याखाली ट्रॉल्या बसवायचं ठरवलं होतं ते रद्द केलं आणि तेवढ्या पैशात ओटा फोडून उंच करायचा असं मिस्त्रीला सांगितलं. तो म्हणाला, कडप्पा जुना आहे, निघताना तडकला तर माझ्यावर येऊ नका. चार दिवस अण्णा त्या ओट्यावर वाकून चहा करत होते आणि कंबर धरून कॉटवर पडत होते, हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं.

रविवारी सकाळी मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन आला. अण्णा म्हणाले, "आधी च्या घे, मग फोड." त्यांच्यानं वाकवत नव्हतं, म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीतली लाकडी खुर्ची ओढत आणली आणि ओट्यासमोर ठेवून बसले. खाली ट्रॉल्या नव्हत्या, त्यामुळं पाय सरळ आत गेले. बसल्या बसल्या पातेलं ठेवलं, आलं ठेचलं, साखर घातली. कुठं वाकले नाहीत, कुठं उठले नाहीत. मी आणि मिस्त्री दोघंही बघत राहिलो. मिस्त्रीनं हातोडा गुपचूप पिशवीत टाकला आणि म्हणाला, "डॉक्टर नीचे बैठना मना किया ना? ये तो ऊपर बैठे." आणि मला एकदम आपल्या भिंतीवरचा तुमचा फोटो आठवला. लग्नानंतर छावणीतल्या स्टुडिओत काढलेला. त्यात अण्णा खुर्चीत बसलेत, तू बाजूला उभी आहेस आणि दोघांची डोकी एका रेषेत. त्यावरून आम्ही तुला किती चिडवायचो, "माय, तू बसलीयस का उभी?" तू म्हणायचीस, "तुमचा बाप बसला की माझ्या बरोबरीला येतो." ते आठवून मी स्वयंपाकघरात मोठमोठ्यानं हसायला लागले. अण्णांना काय झालं ते कळेना. मी फोटोकडं बोट दाखवलं. त्यांनी खुर्चीतूनच मान वळवून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग चहा उतू जातोय म्हणून घाईनं गॅस बारीक केला. डोळे पुसले ते चहाच्या वाफेनं, असं त्यांचं म्हणणं आहे.

आमच्या कंपनीत याला 'डेव्हिएशनवर पास' म्हणतात. माप चुकलेलं असतं, पण काम चोख होतं, म्हणून माल घेतला जातो. मी सहसा अशा कागदावर सही करत नाही. या वेळी केली असती.

दिवाळीला दादा आला. तो अण्णांवर गेलाय, तोही उंच, नव्या चौकटीला पहिल्याच दिवशी डोकं आपटून घेतलं. मी कोणावर गेले ते तुला माहीत आहे. त्यानं पत्रे बघितले, फरशी बघितली, खिडकीतून डोकावला. अण्णा खुर्चीत बसून पिठलं हलवत होते. त्यांनी त्याला ताट वाढलं, बसल्या जागेवरून, आणि भाकरी देताना म्हणाले, "फुगली नाय, पण भाजली हाय." दादानं तीन भाकऱ्या खाल्ल्या. जेवल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "राहू दे. मीच येत जाईन." आणि पाडव्याला त्यानं अण्णांना खुर्चीवर ठेवायला जाड उशी आणून दिली. मला त्या उशीचा इतका आनंद झाला की मीच तिच्यावर बसून पाहिलं.

आता दर रविवारी मी तिकडं जाते. अण्णांनी गल्लीतल्या दोन-चार रिटायर लोकांना चहाला बोलवायची सवय लावून घेतलीय आणि ओट्याची हकिकत प्रत्येकाला नव्यानं सांगतात. दर वेळी त्यात तुझी उंची थोडी कमी होते. ऐकत असलीस तर चिडू नकोस.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणूनच एक सांगून टाकते, जे मी अण्णांना सांगितलेलं नाही आणि मिस्त्रीला तर मुळीच नाही. ओटा झाला त्या दिवशी कामावरून आले तेव्हा ते दोघं बाहेर रेतीपाशी बोलत होते. मी एकटीच आत गेले. चपला दाराशी काढल्या आणि ओट्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या घरी बिल्डरनं बसवलेल्या ओट्यापुढं मी लग्न झाल्यापासून पाटावर उभी राहून पोळ्या लाटते, नाही तर खांदे दुखतात. इथं पाट लागला नाही. तुझा ओटा बरोबर माझ्या कमरेला लागला, हात आपसूक भाकरी थापायच्या उंचीवर आले. लई बरं वाटलं, माय. तशीच थोडा वेळ उभी राहिले, आणि मग टेप काढून तो नापास केला.