गलाईच्या वरची खोली

६ जानेवारी, सोमवार
आलो एकदाचे बंगळूरला! नगरथपेठेच्या गल्लीत टेम्पो शिरेना, म्हणून हमालांनी माझं चित्रांचं टेबल डोक्यावरून आणलं. एक ओरखडा नाही. घर पहिल्या मजल्यावर, खाली घरमालक जयसिंगरावांचं गलाईचं दुकान. सराफ सोनं आणून देतात, ते गाळून शुद्ध करतात. मूळचे विट्याकडचे, इथं तीस वर्षं झाली. माझ्या नवऱ्याच्या, राजसच्या मामांच्या ओळखीमुळे जागा मिळाली. 'पोरी, काय लागलं तर खाली हाक मार,' म्हणाले. राजसचं ऑफिस कोरमंगलात. तो सकाळी आठला जाणार ते रात्रीच उगवणार. मला काय, घरीच काम. मुलांच्या पुस्तकासाठी एकवीस प्राणी काढायचेत. खिडकीत उजेड इतका छान की आजच हत्ती झाला.

१४ जानेवारी, मंगळवार
समोरच्या अक्कांनी संक्रांतीचं एळ्ळू-बेल्ला, म्हणजे इकडचे तीळ-गूळ दिलं, मी तिळगूळ दिला. मग खाली जयसिंगरावांच्या बायकोला, कौशल्याकाकूंना द्यायला गेले. दार फटीएवढं उघडलं. एक हात बाहेर आला, थरथरणारा. लाडू पडला. दार बंद. तिला माणसं नकोशी होतात, मनावर घेऊ नकोस, असं जयसिंगराव म्हणाले. अक्का सांगत होत्या की पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत गल्लीतलं एकही हळदीकुंकू या बाईंशिवाय होत नसे.
माणूस असा एकाएकी बदलतो?

२८ जानेवारी, मंगळवार
तोंडात चार दिवस नाणं चघळल्यासारखी चव आहे. राजस म्हणतो बोअरचं पाणी असेल, त्याने कॅन लावला. मला खालची भट्टी वाटते. दुपारी ती पेटते आणि तिचं धुराडं आमच्या खिडकीखालीच संपतं. जयसिंगरावांना विचारलं तर हसले. वास येतो का, म्हणाले. खरंच येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
हिरड्यांतून रक्त. झोप नाही. आज मांजराच्या मिशा काढताना हात थरथरला, पुन्हा काढल्या, पुन्हा तेच. कागद फाडला. प्रकाशकांचा फोन उचलला नाही. मला कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.
राजस ठणठणीत आहे. एकाच कुकरमधला भात, एकच पाणी. मग त्याला काहीच कसं होत नाही?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
आज न सांगता दुकानाच्या मागच्या बाजूला गेले. जयसिंगराव फडक्यातून एक राखाडी गोळा पिळत बसले होते. सराफांच्या दुकानातला केर धुतात, म्हणाले. त्यातले सोन्याचे कण पाऱ्यात धरायचे, मग गोळा तापवायचा. पारा उडून जातो, सोनं उरतं.
कुठे उडून जातो, मी विचारलं.
'हवेत. वर.'
मग माझ्याकडे बघून गोळा घाईने फडक्याखाली झाकला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
राजसने शोधलेल्या डॉक्टर सत्यवतींकडे माझे रिपोर्ट आले. रक्तात आणि लघवीत पारा, खूप जास्त. त्यांनी नीट समजावलं. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. गार झाली की खोलीतल्या फटींत, गादीत बसते आणि तिथून रोज थोडी थोडी वर येत राहते. हात थरथरतात, झोप जाते, माणूस बुजतो, चिडतो, जवळच्यांवर संशय घेतो. राजस दिवसभर बाहेर असतो म्हणून वाचला. खोली सोडायची, औषध घ्यायचं. बरं वाटेल, म्हणाल्या.
घरी येऊन रडले. म्हणजे काकूंनाही हेच झालंय. खाली जाऊन दारातून सगळं सांगितलं. आत श्वास ऐकू येत होता, पण दार उघडलं नाही. राजसने मारतहळ्ळीला मित्राकडे सोय केली. सोमवारी जायचं.

१ मार्च, शनिवार
डॉक्टर राजसशी बाहेर वेगळ्या बोलल्या होत्या. काय?
'जवळच्यांवर संशय घेतो.' हे वाक्य कुणाच्या सोयीचं आहे? आता मी काहीही म्हटलं तरी — पारा बोलतोय, असं म्हणायला मोकळे.
रिपोर्टवर माझं नाव आहे. नाव कुणीही लिहू शकतं.

२ मार्च, रविवार
कॅप्सूल जिभेखाली धरली, नंतर थुंकली. तो बघत होता. मी गिळते का हेच बघत —
जयसिंगराव त्याच्या मामांच्या ओळखीचे. घर त्यानेच ठरवलं. डॉक्टरही त्यानेच शोधली.

३ मार्च
तो टेम्पो आणायला गेला. कडी लावली. टेबल दाराला लावलं. खिडक्यांच्या फटींत ओढण्या कोंबल्या, वर चिकटपट्टी. वेळ लागला, बोटं ऐकत नाहीत.

दार वाजतंय. मुग्धा, मुग्धा. रडतोय. जयसिंगराव पण आहेत. भट्टी बंद केली म्हणतात, चूक झाली म्हणतात. आता का —

बाईचा आवाज. ओळखीचा नाही. अक्का ओरडल्या, कौशल्या, तू बाहेर आलीस! जिना चढून आल्यात. दारावर त्यांचे हात — टकटक नाही, नुसती थरथर.
'पोरी, माझ्यासारखं कोंडून घेऊ नको गं. त्या खोलीत आधी मी राहत होते. दार उघड.'
राहत होत्या — इथे —

किती छान पढवलंय तिला.

दार फोडतायत. टेबल सरकतंय. मी कपाटामागे, गादी अंगावर ओढून. नाक गादीत खुपसलं की त्यांचे आवाज कमी होतात. बाहेरचं काही आत येणार नाही. इथली हवा तरी माझी आहे — खोल श्वास घेतला की हात जरा — अजून एक, मग —