बिनआवाजाचे टायर

६ जानेवारी १९९७, सोमवार

आजही कळलं नाही. उधना लागलं आणि ह्यांचे ओठ हलायला लागले. मी लगेच कान तोंडाशी नेला. ऐकू आली ती टायरची घरघर, दुसरं काही नाही. पांडेसऱ्यापर्यंत ओठ हलत होते. मग थांबले.

सप्टेंबरात झटका आला तेव्हापासून उजवं अंग गेलं, वाचा गेली. घरी हे प्रयत्नसुद्धा करत नाहीत. पाटी-पेन्सिल समोर ठेवली तर डाव्या हाताने ढकलून दिली. बोलायला बघतात ते फक्त गाडीत, सोमवार-बुधवार-शुक्रवार नवसारीला व्यायामाला नेते तेव्हा. म्हणजे सांगायचं काहीतरी आहे. आणि ते मला टायरपायी ऐकू येत नाही.

काचा बंद, रेडिओ बंद, पंखा बंद. उरला तो टायरचा आवाज. रबर एकीकडून खाल्लं गेलंय, मीच वाकून पाहिलं. ठरवलं — चारही बदलायचे. डॉक्टर म्हणतात वर्षभर तरी जावं लागेल. आठवड्याला एकशे ऐंशी किलोमीटर. तेव्हा टिकणारे हवेत, पण आधी गप्प बसणारे.

काय सांगायचं असेल, याचा मी विचार करत नाही असं नाही. नव्वद साली मी हट्ट धरला — खोकला वाढलाय, कान जातील, विकून टाका. अठ्ठेचाळीस माग विकले. त्याच पैशांतून ही कॉन्टेसा गाडी आली. सात वर्षांत हे त्यावर एक अक्षर बोललेले नाहीत. कारखाना आहे तिथेच आहे, उधन्याच्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या नावाने चालतो. मी तिथे दुसऱ्या बाजूला बघते. ओठ नेमके तिथेच हलतात.

८ जानेवारी, बुधवार

रिंग रोडला छगनभाईंकडे गेले. ह्यांना ते कारखान्याच्या काळापासून ओळखतात. “श्रीरंगभाईने केम छे?” विचारलं, मी “तसंच” म्हटलं, आणि आम्ही दोघांनी तो विषय सोडला.

“बेन, आ नायलॉन लई जाव. पथ्थर छे पथ्थर. घसायचं नावच नाही.”

“आवाज?”

“आवाज तो थोडो आवे. रेडिओ चालू ठेवायचा.”

“मला रेडिओ ऐकायचा नाही छगनभाई. माणूस ऐकायचाय.”

मग त्यांनी रेडियल टायर काढले. एकावर मोठे मोठे चौकोन, एकावर बारीक उभ्या रेघा. उभ्या रेघांचा कमी बोलतो म्हणाले. मी नख दाबून पाहिलं. मऊ रबर शांत चालतं पण लवकर झिजतं. कडक टिकतं, पण सारखी कुरकुर करतं. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बाईला हे दुकानदाराने समजावायची गरज नव्हती.

मधला बघून सांगितला. माल मुंबईहून यायचा, संक्रांतीनंतर मिळेल.

धुळ्याहून येऊन बी.एस्सी. केलं, त्यात ध्वनीचा एक अख्खा पेपर होता. त्याचा उपयोग आत्ता होतोय, साठीला.

१० जानेवारी, शुक्रवार

सुपडूला आज बोलले. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर हवं, ह्याचे डोळे सारखे आरशात, मागच्या सीटवर. सप्टेंबरात ठेवला तेव्हाच पहिल्या दिवशी बजावलं होतं — मागे काय चाललंय त्यात लक्ष घालायचं नाही. तरी तेच.

“आरसा मागच्या गाड्या बघायला असतो, माणसं बघायला नाही.”

“हो बाई.”

मी स्वतः पुढे वाकून आरसा वर केला. आता त्यात मागची काच दिसते, आम्ही नाही. सुपडूने नजर रस्त्यावर ठेवली. हे मात्र आरशाकडे बघत राहिले.

१३ जानेवारी, सोमवार

आज ओठ हलले नाहीत. जाताना नाही, येताना नाही. थकले असतील.

१४ जानेवारी

गच्च्यांवर पतंग. शेजारून उंधियू आलं. ह्यांनी दोन घास खाल्ले. मी तिळगूळ हातावर ठेवून नेहमीचं वाक्य म्हटलं, गोड बोला. म्हटल्यावर जीभ चावली.

१६ जानेवारी, गुरुवार

टायर बसले. ह्यांना घरी ठेवून मी आणि सुपडू अलथाणच्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. वेग चाळीस, मग साठ. फरक जमीन-अस्मानाचा! डॅशबोर्डवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. इतक्या वर्षांत ते घड्याळ वाजतं हे मला माहीत नव्हतं.

एक बारीक गुणगुण मात्र राहिली होती. सुपडूला विचारलं, “आवाज गेला का?” “हो बाई.” “थोडा राहिलाय ना?” “हो बाई.” हा माणूस कशालाही हो म्हणतो. मी चिडले, त्याच्या खांद्यावर टकटक करून गाडी थांबवायला लावली, समोर जाऊन पुन्हा विचारलं. त्याने हात वर करून ‘थांबा’ केलं, मला बसायला लावलं, गाडी हळू सोडली. डावा तळवा सीटच्या बाजूला खाली टेकवला. मग उजवा दाराला. फर्लांगभर गेला असेल.

“मागलं डावं. वजन बराबर नाही.”

छगनभाईंच्या मिस्त्रीने चाक मशीनवर चढवलं. खरंच, चाकाचा तोल साधायला लावतात तो शिशाचा तुकडा नीट बसलेला नव्हता.

“कसं कळलं तुला?”

“हाताले कळतं बाई. लूमवर सतरा वर्षं काढली. तिथं कानानं काय कळनार? हात ठेवायचा मागावर.”

नवागामहून रोज सायकलवर येतो, मुलगी दहावीत आहे, एवढंच मला ह्याच्याविषयी माहीत होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाडी पाण्यावर चालावी तशी चालली. ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मी उधना यायच्या आधीपासून कान लावून बसले.

हे बोलले नाहीत. ओठसुद्धा हलवले नाहीत. उधना गेलं, भेस्तान गेलं, सचिन गेलं. डोळे त्या वर केलेल्या आरशावर.

आता गाडीत ऐकू येण्यासारखं सगळं ऐकू येतं. ऐकायला काही उरलं नाही. मला उशीर झाला.

२० जानेवारी, सोमवार

येताना औषधाच्या दुकानाशी थांबायचं होतं. “सुपडू, थांब.” थांबला नाही. “सुपडू!” गाडी पुढे. तिसऱ्यांदा ओरडले तरी मान वळली नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकला.

घरी ह्यांना आत नेऊन निजवलं आणि त्याला ओट्यावर उभा केला. सरळ विचारलं. त्याने सरळ सांगितलं. माणसांचं बोलणं त्याला तोंड पाहिल्याशिवाय कळत नाही. लूमच्या खडखडाटात कान गेले. उजवा जवळजवळ पूर्ण, डावा अर्धा.

“नोकरी मागताना सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर ठेवलं असतं का तुम्ही?”

ठेवलं नसतं. तरी बोलले — पॅरालिसिसचा माणूस मागे बसलेला, आणि पुढे ऐकू न येणारा ड्रायव्हर. महिनाअखेर दुसरीकडे बघ. तो पायऱ्या उतरता उतरता म्हणाला, “हॉर्न ऐकू येतो बाई माले. त्याचं भ्या नका धरू.”

मुलीच्या दहावीची आठवण मला तो फाटकाबाहेर गेल्यावर झाली.

२१ जानेवारी, मंगळवार

रात्रभर पटलं नाही. टायरची परीक्षा घेऊन मग घेतले, आणि माणूस परीक्षेशिवाय काढायचा? सकाळी सुपडूला मागच्या अंगणात उभा केला. पाठ माझ्याकडे. शेजारच्या बंगल्यातली गाडी फाटकाबाहेर उभी करवली, त्यांच्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं. ऐकू आला की हात वर. शेजारचा ड्रायव्हर हसून हसून बेजार. “बाई, सुपडू पास झाला तर पेढे तुमच्याकडून.” मी त्याला गप्प केलं.

हॉर्न : दहापैकी दहा. लांब नेऊन वाजवला तरी नऊ.
पाठमोरा असताना माझं बोलणं : दहापैकी एक. तोही अंदाज होता, कबूल केलं.
तोंडासमोर माझं बोलणं : दहापैकी दहा. शेवटी मुद्दाम नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. म्हटलं, “आज भाजी काय आणली?” तो म्हणाला, “दोडकी, बाई.”

म्हणजे गाडी चालवायला नालायक नाही. फक्त त्याला तोंड दिसलं पाहिजे. आवाज नसला तरी चालतो

हे लिहिता लिहिता पेन थांबलं.

तो आरशात ह्यांच्याकडे बघत होता. हे आरशाकडे बघून बोलत होते. तीस वर्षं मागाच्या शेडमध्ये काढलेला माणूस, तिथे सगळे असेच बोलतात, ओठांनी. मी जेवणाचा डबा घेऊन जायचे तेव्हा पाहिलेलं आहे. त्या शेडमध्ये कोणी कोणाच्या कानाशी जात नसे.

मी चार महिने कान नेत होते. आणि आरसा मीच वर केला.

२२ जानेवारी, बुधवार

निघताना आरसा खाली केला. सुपडूला म्हटलं, साहेब बोलले तर सांग.

“तुम्हीच म्हटलं होतं, मागं लक्ष घालायचं नाही.”

“म्हटलं होतं. आता सांगते, घाल.”

उधना लागलं. ह्यांनी आरसा पाहिला. ओठ हलले, अर्धंच तोंड. मी विचारलं, हे तुला कसं कळणार. लूमवर तंबाखूने गाल भरलेल्यांचेही ओठ वाचायचो, सुपडू म्हणाला.

“काय म्हणतात?”

“काच खाली कर म्हनतात.”

“आणि?”

“तेवढंच बाई.”

“केव्हापासून?”

“पहिल्या दिवसापासून. उधना आलं की. माले वाटलं तुम्हाले कळतं, पण थंडी म्हणून करत नाही.”

काचेचा दांडा ह्यांच्या उजव्या हाताशी, मेलेल्या. मी ओणवी होऊन फिरवला. धूळ आत आली, आणि रस्त्याकडेच्या शेकडो मागांची खडखड आत आली. आपला कारखाना आला तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं नाही. हे डोळे मिटून ऐकत होते. मग ओठ हलले, आणि या खेपेला मी कान नेला नाही, तोंड पाहिलं. तरी खात्री म्हणून सुपडूला विचारलं.

“साहेब म्हनतात, एक माग ढिला चालतोय.”

नवसारीपर्यंत काच खालीच होती. नव्या टायरांचा आवाज येतो की नाही, आठवत नाही.